दुधात बुडवलेले हात

ग्रीनहाऊसच्या आतल्या दारावरची पाटी माझ्या अक्षरात आहे. माझं अक्षर शाळेपासून बरं, त्यामुळे कुठेही पाटी लिहायची वेळ आली की लोक माझ्याकडे बघतात आणि मलाही ते आवडतं. पहिली पाटी अशी होती: 'आत येताना तंबाखू, गुटखा, विडी, सिगारेट, मशेरी जवळ बाळगू नये. हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत.' खाली लाल शाईच्या दोन रेघा. त्या पाटीत एक शब्द कमी होता, आणि त्या एका शब्दापायी आमच्याकडच्या सगळ्यात हुशार बाईचं काम जवळजवळ गेलं होतं. तिला घालवण्यात पुढाकार माझाच होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी माझी बाजू सावरून बोलते आहे असं कुणाला वाटायला नको.

आमचं ग्रीनहाऊस तलासरीच्या अलीकडे, हायवेपासून आत, एका टेकाडाच्या पायथ्याशी आहे. मुंबईतल्या एका लहानशा संशोधन संस्थेचं ते काम. लांबून बघितलं तर ढोबळी मिरचीचं पॉलीहाऊस वाटावं. आत शिरायला मात्र दोन दारं, आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. जाळी इतकी बारीक की चिलटालाही वाट मिळत नाही. आतलं प्रत्येक झाड परवानगीने वाढवायचं, मोजून ठेवायचं आणि काम झालं की पाला, मुळं, माती सगळं वाफेच्या भल्यामोठ्या कुकरमध्ये शिजवून मारून टाकायचं. एक बी किंवा एक पानसुद्धा बाहेर जाता कामा नये. पाड्यावरच्या बायका याला 'पानांचा दवाखाना' म्हणतात, आणि मला आजवर याहून चांगलं नाव सुचलेलं नाही.

माझं माहेर झाईचं. गावाच्या पलीकडच्या कुंपणापासून गुजरात सुरू होतो, त्यामुळे आमच्या घरात मराठी आणि गुजराती एकाच ताटात वाढलेली असायची. वडिलांची चिकूची वाडी होती. रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, खुंटावर चिकूची कलमं बांधायला मी फ्रॉकमध्ये असताना शिकले. पुढे वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी झाली, लग्न होऊन डहाणूला मसोलीत आले आणि घरामागच्या जागेत कलमांची नर्सरी काढली. मुंबईच्या मॅडम मला शोधत आल्या त्या नर्सरीत. वयाने माझ्या मुलीएवढ्या, परदेशात शिकून आलेल्या, आणि पहिल्या मिनिटाला मला 'काकू' म्हणाल्या. मला राग आला. पण त्यांनी विचारलं, "एका दिवशी पेरलेली शंभर रोपं एका उंचीची करून द्याल?" आणि मी राग विसरून "दीडशे देते" म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड आहे.

त्या झाडांचं काम मला समजायला दोन महिने लागले. आता मी ते कुणालाही पाच मिनिटांत सांगू शकते. झाड तंबाखूच्या कुळातलं, त्याची लहान, नाजूक चुलत बहीण म्हणा. मातीत राहणारा एक जीवाणू आहे, त्याला जन्मजात एक सवय आहे: आपल्याजवळचा थोडासा आनुवंशिक मजकूर तो झाडाच्या पेशीत सोडून देतो, आणि झाड बिचारं तो आपलाच समजून त्याप्रमाणे कामाला लागतं. शास्त्रज्ञांनी काय केलं, तर त्या जीवाणूच्या हाती दुसरीच चिठ्ठी दिली. आमच्याकडच्या चिठ्ठीत घोणस सापाच्या विषातल्या एका घटकाला पकडून ठेवणाऱ्या प्रथिनाची कृती लिहिलेली होती. जीवाणूचं पाणी पानात भरायचं, पाच-सहा दिवस थांबायचं, तेवढ्यात पानं ते प्रथिन तयार करतात. मग पानं खुडायची, वाटायची आणि त्या हिरव्या रसातून ते प्रथिन वेगळं काढायचं. परदेशात गाजराच्या पेशींमध्ये तयार केलेलं एक औषध माणसांना देतातसुद्धा, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा मी घरी जाऊन कोशिंबिरीकडे जरा आदराने बघितलं.

"आपण करतो ते औषध नाही हं काकू," मॅडम दर आठवड्याला बजावायच्या. "विषात घटक असतात कितीतरी. आपण एकालाच हात घातलाय. औषध व्हायला अजून खूप वाट आहे." मला या बाईचं हे फार आवडतं. आमच्या भागात फुंकर मारून विष उतरवणारे पायलीला पन्नास, आणि ही एवढं शिकून 'अजून नाही' म्हणते.

आता त्या हुशार बाईविषयी. ती तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, वारली. वय चाळीसच्या आसपास. मी तिला 'बाय' म्हणते, ती मला 'ताई' आणि 'तू'. तिच्या बोलीत 'तुम्ही' नाहीच. मॅडमनाही ती 'तू'च म्हणते आणि सरकारी तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनाही "तू पाय पुसून ये" म्हणाली होती. ती कुंड्या उचलायच्या कामाला आली होती. एक दिवस पानांत पाणी भरायला माणूस कमी होता, म्हणून मॅडमनी तिच्या हातात बिनसुईची पिचकारी दिली. काम दिसायला सोपं असतं. पानाच्या खालच्या बाजूला पिचकारीचं तोंड टेकवायचं, वरून बोटाचा आधार द्यायचा आणि हलकेच दाबायचं. पाणी पानात पसरतं आणि तेवढा भाग ओल्या कापडासारखा गडद होतो. जरा जोर जास्त झाला की पान फाटतं आणि कमी झाला तर पाणी बाहेर ओघळतं. मी पहिल्या दिवशी सतरा पानं फाडली. तिने एक फाडलं. नंतर एकही नाही.

मी तिला विचारलं, "कसं जमतं गं?"

"पान सांगते ना," ती म्हणाली. "बोटाला थांब बोलते."

मला तिचे हात बघत उभं राहायला आवडायचं. पावसाळ्यात भाताची रोपं लावलेल्या, रानातली कवळी भाजी खुडलेल्या त्या बोटांना पानाची जाडी नुसत्या स्पर्शाने कळायची. कुठलं पान आज पाणी पिईल, कुठल्याला उद्यावर ठेवायचं, हे ती एका नजरेत सांगायची, आणि मॅडमनी एकदा ताडून बघितलं तेव्हा तिने निवडलेल्या पानांतून खरोखरच प्रथिन जास्त निघालं. मॅडमनी तिचं बोट धरून फोटो काढला आणि आपल्या संगणकावर लावून ठेवला.

तिच्या डाव्या पायाला दोन बोटं नाहीत. लावणीच्या दिवसांत बांधावर घोणस चावली होती. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, सुई दिली, जीव वाचला, पण सुईनंतर अंगात इतकी हुडहुडी भरली की चार जणींनी धरून ठेवलं होतं. त्या सुईतलं औषध घोड्यांच्या रक्तातून काढतात, हे तिला तिथल्या नर्सने सांगितलं होतं. आमच्याकडे आल्यावर तिने मॅडमना पहिला प्रश्न हाच विचारला, "तुझ्या ह्या पानात घोडा नाय ना?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "पानच आहे."

"मग कर," तिने परवानगी दिली.

ती तंबाखू खायची. लपवायचं काहीच नव्हतं, कमरेला चंची खोचलेली असायची. पहिल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना समजावलं होतं की तंबाखूला एक विषाणूचा रोग होतो, पानांवर फिका-गडद रंग फुटतो. माणसाला त्याने काही होत नाही. पण सुकवलेल्या तंबाखूतही तो विषाणू तग धरतो, बोटांवरून आत येतो आणि आमच्या नाजूक झाडांना तर तो बघता बघता लोळवतो. हे ऐकल्यावर ती बाहेर गेली, गेटाजवळच्या आंब्याच्या फांदीला चंची अडकवली आणि हात धुऊन आली. त्या दिवसापासून रोज सकाळी चंची फांदीला. हात धुऊन झाले की दारात ती दोन्ही पंजे माझ्या नाकासमोर धरायची, "ताई, वास राहला काय बघ." मी वाकून हुंगायची, "जा" म्हणायची, मग ती आत जायची. मला त्यात आपण फार शिस्तीच्या असल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला आम्ही मोठी तुकडी लावली होती. त्या तुकडीतलं प्रथिन मुंबईला जाऊन प्रत्यक्ष विषाबरोबर तपासलं जाणार होतं. मॅडम दोन महिने त्याच धावपळीत होत्या. एका सकाळी बाय माझ्याजवळ आली. रोपं लहान ट्रेमधून काढून कुंडीत लावायचं काम मी माझ्या टेबलावर करते, त्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणाली, "ताई, ह्यांचा रंग फुटलाय."

मी बघितलं. मला काही दिसलं नाही. "झिंक कमी असेल," मी म्हणाले. झिंक हे माझं सगळ्यावरचं उत्तर आहे. चार दिवसांनी मलाही दिसलं. पानांवर फिक्या हिरव्याचे आणि गडद हिरव्याचे चट्टे आले होते आणि कडा वळायला लागल्या होत्या. तोवर माझ्या टेबलावरून गेलेली रोपं तिच्या बाकावर पोचली होती आणि तिथेही तोच रंग होता. मॅडमनी पान चुरडून त्यात तपासणीची पट्टी बुडवली. एक रेघ उमटली तर ठीक, दोन उमटल्या तर रोग. दोन उमटल्या. सगळी तुकडी कुकरमध्ये गेली. मॅडम रडल्या नाहीत. त्या नुसत्या स्टुलावर बसून राहिल्या आणि ते मला जास्त लागलं.

मग त्यांनी विचारलं, "तंबाखू आत कशी आली?"

मीच पुढे झाले. "तंबाखू खाणारी इथे एकच आहे," मी म्हणाले, आणि बायकडे बघितलं.

"चंची झाडाला हाय," ती म्हणाली. "तू रोज बघतेस. हात तू हुंगतेस."

"नखात राहिली असेल. पदराला असेल. मी काय नखं उघडून बघू?" माझा आवाज चढला होता. दोन महिन्यांच्या मेहनतीचा राग कुणावर तरी काढायचा होता आणि समोर चंचीवाली उभी होती.

तिने माझ्या टेबलाकडे बोट केलं. मग म्हणाली, "पहिला रंग तुझ्या टेबलावर फुटला, ताई. माझ्या बाकावर मागनं आला."

"तोंड सांभाळ," मी म्हणाले.

तिने तोंड सांभाळलं. मॅडम म्हणाल्या की कारण नक्की कळेपर्यंत तिला बाहेर ठेवावं लागेल. मी रजिस्टर उघडलं आणि माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'संसर्गाचं कारण: कामगाराचं तंबाखूसेवन.' तिने फांदीवरची चंची काढून कमरेला खोचली आणि चालत गेली. ती त्या पायाने जरा लंगडते. दिवाळी झाली की तिच्या पाड्यावरची माणसं वीटभट्टीवर जातात. गेली दोन वर्षं ती या पिचकारीमुळे गेली नव्हती, आता जाणार हे मलाही ठाऊक होतं. मी स्वतःला सांगितलं, नियम तो नियम.

आम्ही सगळं धुतलं. टेबलं, बाक, कुंड्या, जाळ्या. माती नवी आणली, बी नवं पेरलं. कामावर राहिलेल्या दोघी मुलींना कसलंही व्यसन नव्हतं. तिच्या जागी पिचकारी धरणारी मुलगी दिवसाला पंचवीस पानं फाडत होती, तरी मी तिला "जमेल, जमेल" म्हणत होते. रोपं वाढली, मी ती माझ्या टेबलावर कुंडीत लावली. आठ-दहा दिवस गेले आणि एका सकाळी माझ्याच टेबलावर मला रंग फुटलेला दिसला. या वेळी तो दाखवायला कुणी लागलं नाही. झिंकचं नाव काढायची मला हिंमत झाली नाही.

मॅडम म्हणाल्या, "काकू, आता तर इथे तंबाखूवालं कुणीच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मसोलीच्या घरी मी न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी होते. रोजच्यासारखी लहान पत्र्याची डबी उघडली, उजव्या हाताचं पहिलं बोट आत घातलं आणि ते दातांवर फिरवायला लागले. त्या डबीत बजर असते. मराठी वाचकाला हा शब्द माहीत असेलच असं नाही. आमच्या झाई-उंबरगावकडच्या बायका ती तपकिरी भुकटी दातांना, हिरड्यांना घासतात. दाढ दुखायची थांबते, पोट साफ होतं, सकाळ झाल्यासारखी वाटते. मी अठरा वर्षांची असताना दाढ सुजली होती तेव्हा आईने बोटावर चिमूटभर बजर घेऊन लावली होती. म्हणाली होती, "दातांचं औषध आहे." तेव्हापासून ती डबी माझ्याजवळ आहे. सकाळी एकदा, आणि दहाच्या चहानंतर एकदा. नवरा थट्टा करायचा की आमच्या घरी देवपूजा नंतर, दंतपूजा आधी. कामावर ती माझ्या पांढऱ्या एप्रनच्या खिशात असायची.

बोट दातांवर असतानाच मी डबीकडे बघितलं. डबीवर गुजरातीत लिहिलेलं असतं. मी गुजराती पेपर वाचते, भाजीवाल्याशी गुजरातीत भांडते, पण चौतीस वर्षांत ती डबी मी एकदाही वाचली नव्हती. त्या दिवशी वाचली. दुसऱ्याच शब्दाला 'तमाकु' असं लिहिलं होतं.

मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात; मी तर काखेतला कळसा घेऊन दुसरीवर चोरीचा आळ घेत होते. पाटी लिहिताना मी डोकं लावून सगळी नावं आठवली होती. मशेरीसुद्धा आठवली, कारण मशेरी 'त्या बायका' लावतात. बजर आठवली नाही, कारण बजर आमच्या घरातली होती. हात मी धूत होते, पण एप्रन घातल्यावर दहाच्या चहानंतर खिशात जाणारं बोट कोण धुणार? आणि ते बोट घेऊन मी रोज तिचे हात हुंगत होते.

खोटं कशाला सांगू, न बोलण्याचा विचार मनात आला होता. डबी डहाणूच्या खाडीत फेकली असती तर कुणाला काही कळलं नसतं. रोग आपोआप थांबला असता आणि माझी शिस्त शाबूत राहिली असती. तलासरीच्या गाडीत बसेपर्यंत तो विचार माझ्याबरोबर होता. वाटेत कुठेतरी तिचं लंगडत जाणं आठवलं आणि माझी मलाच शिसारी आली.

मॅडमच्या टेबलावर मी डबी ठेवली. त्यांनी चिमूटभर भुकटी पाण्यात कालवून पट्टी बुडवली. आम्ही दोघी बघत राहिलो. दोन रेघा.

मॅडमनी पट्टी पुसून कागदावर ठेवली. मग म्हणाल्या, "काकू, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं." त्यांनी मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं, असं त्या दिवशी वाटत होतं. मी रजिस्टर उघडलं, जुन्या ओळीवर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'संसर्गाचं कारण: रोपवाटिका सांभाळणाऱ्या बाईच्या खिशातली बजर.' खाली सही केली. अक्षर त्या दिवशी चांगलं आलं नाही.

दुपारी मी तिच्या पाड्यावर गेले. हात हलवत कसं जायचं, म्हणून धाकट्या डहाणूच्या कोळणीकडून घेतलेले सुके बोंबील घरी होते ते सकाळीच पिशवीत घातले होते. म्हणजे जायचं हे मी गाडीत बसायच्या आधीच ठरवलं होतं बहुतेक. ती अंगणात उडीद झोडत होती. ओटीवर गोधड्या आणि टोप एका चादरीत बांधून ठेवलेले दिसले. दोन दिवसांत ती माणसं भट्टीवर निघणार होती.

"ताई, तू? रस्ता चुकली काय?"

"चुकले," मी म्हणाले आणि पिशवीतून डबी काढून तिच्यासमोर धरली. झाकण अजून मी उघडलं नव्हतं.

"बजर," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

तिने काठी खाली ठेवली. "रोज माझा हात हुंगायचीस तेव्हा तुझं तोंड कुठं असायचं? माझ्या हातावर ना? मना वास नाय येत काय?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले ना. पहिला रंग तुझ्या टेबलावर फुटला, बोलले. तू बोललीस तोंड सांभाळ. पुढं काय बोलू? पाटी तुझी, रजिस्टर तुझं."

मी रडणारी बाई नाही. माझ्या वडिलांची वाडी विकली तेव्हाही रडले नव्हते. त्या अंगणात मात्र मी उभ्या उभ्या रडले, आणि तिने मला रडू दिलं. समजूत घातली नाही की पाणी आणायला पळाली नाही. उडदाच्या शेंगा एका बाजूला सारल्या, बोंबील हुंगून बघितले, "बरे हायेत" म्हणाली आणि माझं संपायची वाट बघत बसली. माफी मागितली तेव्हाही तिने मान हलवली नाही. मी विचारलं, "परत येशील?"

"येईन," ती म्हणाली. "पण हात मी हुंगणार."

"कुणाचे?"

"सगळ्यांचे. पहिला तुझा."

ओटीवरचं बोचकं तिने त्याच संध्याकाळी सोडलं, असं मला दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारणीने सांगितलं. आली तेव्हा चंची तशीच आंब्याला. नवी पाटी मी लिहिली आणि नावं तिने सांगितली. तिने सुरुवातच 'बजर' पासून केली. मग तपकीर, मशेरी, तंबाखू, विडी, आणि मला कधी न सुचलेली चार-पाच नावं. आणखी एक बदल मॅडमनी केला. साय काढलेल्या दुधाची पावडर पाण्यात कालवून एक टब दाराशी ठेवला. दुधातल्या प्रथिनाने बोटांवरचा विषाणू अडतो म्हणे, म्हणून झाडाला हात लावायच्या आधी प्रत्येकीने हात त्या टबात बुडवायचे. पांढरे हात वर धरून आम्ही रांगेत आत जातो. बाय म्हणाली, "लग्नात पिवळे हात, इथं पांढरे. पानांचं लगीन हाय."

तिसरी तुकडी स्वच्छ निघाली. पिचकारी तिच्या हातात होती आणि मी तिच्या बाजूला उभी राहून कुंड्या पुढे सरकवत होते. मुंबईहून मॅडमचा फोन आला तेव्हा आम्ही डबा खात होतो. परीक्षानळीत आमच्या पानांतल्या प्रथिनाने विषातला तो घटक घट्ट धरून ठेवला होता. "औषध नाही हं," मॅडम ओरडल्या, आणि लगेच हसायला लागल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी एक बोटभर बाटली आणून बायच्या हातात दिली. आत पाण्यासारखं काहीतरी होतं. तिने ती उजेडात धरून वरखाली केली, एकदा आपल्या डाव्या पायाकडे बघितलं आणि मॅडमना परत दिली. ती बाटली धरलेला तिचा हात मी कधी विसरणार नाही. तिच्याएवढं नीट काम मी आयुष्यात कलमांवरही केलेलं नाही, हे मला त्या क्षणी अगदी लख्ख कळलं.

बजर मी सोडली. बडीशेप चघळते. आता सुटलीच, असं मी सगळ्यांना सांगत होते. मग परवा दाढ ठणकत होती म्हणून सकाळी, फक्त एकदा, आईचं औषध म्हणून लावली. तीन वेळा साबण लावला, चूळ भरली, लवंग चावली. ग्रीनहाऊसच्या दारात नेहमीसारखे दोन्ही पंजे पुढे केले. मागे दोघी मुली आणि मॅडम उभ्या होत्या. बाय वाकली, हुंगलं, परत एकदा हुंगलं आणि सरळ झाली.

"बाहेर बस," ती म्हणाली.

"अगं, घरी लावली होती, हात धुतलेत..."

तिने पांढरं बोट दाराकडे केलं. "पाटी वाच, ताई. तुझंच अक्षर हाय."

मी एप्रन काढला आणि दिवसभर गेटाजवळच्या आंब्याखाली, तिच्या चंचीच्या शेजारी बसून राहिले.